पाणी ठीक, तरी मासा मेला: मिश्र सिक्लिड टाकीचं सहा महिन्यांनी सुरू होणारं दुखणं

तक्रार जवळपास नेहमी एकाच साच्यातली असते. चार फुटी टाकी, त्यात सिक्लिड कुळातल्या माशांची दोन इंची पिल्लं. चार-पाच 'आफ्रिकन मिक्स', एक ऑस्कर, सोबत दोन कन्व्हिक्ट, एखादा फायरमाउथ, आणि मुलांना आवडला म्हणून घेतलेला पॅरट सिक्लिड. पाच-सहा महिने सगळे गुण्यागोविंदाने राहतात. मग एका सकाळी एक मासा शेपूट कुरतडलेल्या अवस्थेत हीटरच्या मागे उभा दिसतो. चार दिवसांनी तो मरतो, पंधरा दिवसांनी दुसरा. पाणी तपासलं तर अमोनिया शून्य, नायट्राइट शून्य. दुकानदार म्हणतो, "पीएचचा प्रॉब्लेम आहे," आणि एक बाटली देतो. बाटली संपते, मासे मरायचे थांबत नाहीत.

पीएचचा प्रॉब्लेम कधी कधी खरोखर असतो, त्याकडे खाली येतोच. पण बहुतेक टाक्यांत घडलेलं असतं ते एवढंच, की पिल्लं वयात आली. दोन इंची सिक्लिडला हद्द नको असते, मादी नको असते, पोटाला मिळालं की त्याचं भागतं. आफ्रिकेतल्या मलावी सरोवरातले छोटे मासे साधारण सहा ते दहा महिन्यांत वयात येतात, कन्व्हिक्ट त्याहूनही लवकर. तिथून पुढे प्रत्येक जात आपापल्या मुलखातले नियम लावायला लागते, आणि हे नियम एकमेकांशी जुळत नाहीत. टाकीत नवीन काही बिघडलेलं नसतं. ज्या दिवशी मासे घेतले त्याच दिवशी हे ठरलं होतं.

आधी मेलेल्याकडे बघा, मग जिवंतांकडे

मेलेला मासा लगेच फेकू नका. पांढऱ्या बशीत ठेवून उजेडात बघा. शेपूट आणि मागचे पर फाटलेले, शेपटीकडचे खवले उडालेले असतील तर त्याला पाठलाग करकरून चावलंय. ओठ सुजलेले किंवा जबडा वाकडा असेल तर तोंडाला तोंड भिडवून कुस्ती झाली आहे. पोट टम्म फुगलेलं, आणि मरायच्या आधी काही दिवस खाणं बंद व पांढरी दोऱ्यासारखी विष्ठा असेल तर तो ब्लोट, म्हणजे पोट फुगण्याचा आजार. अंगावर काहीच खूण नाही, कल्ल्यांची झाकणं उघडी, आणि एकाच रात्रीत दोन-तीन गेले असतील, तर मात्र पाण्याकडेच बघायचं. त्यातही पहिला प्रश्न हा, की आदल्या दिवशी पाणी बदललं होतं का?

एक खबरदारी. मेलेला मासा रात्रभर टाकीत राहिला तर बाकीचे त्याचे पर आणि डोळे खातात. त्यामुळे सकाळी सापडलेल्या फाटक्या माशावरून 'मारामारीत मेला' असा निकाल देऊ नका. मरण्याआधी तो कुठे राहत होता हे आठवा. मार खाणारा सिक्लिड पाण्याच्या वरच्या थरात, एका कोपऱ्यात, पर मिटून उभा राहतो. रंग फिका पडतो किंवा अंगावर गडद पट्टे येतात.

तुम्ही टाकीसमोर उभे राहून बघितलंत तर खरं चित्र दिसणार नाही. सिक्लिड माणूस ओळखतात. तुम्ही आलात की सगळे भांडण सोडून काचेशी खायला मागत येतात. मोबाइल कशाला तरी टेकवून अर्धा तास रेकॉर्डिंग लावा आणि खोलीबाहेर जा. कोण कोणाच्या मागे लागतो, कोण कुठल्या दगडापाशी परत परत येतो, हे त्या अर्ध्या तासात स्वच्छ दिसतं. आणि गुन्हेगार अनेकदा तुमच्या संशयितापेक्षा वेगळाच निघतो.

एक खोटी घाबरगुंडीही लक्षात ठेवा. मलावीच्या मासळीत मादी अंडी तोंडात ठेवते आणि सुमारे तीन आठवडे काही खात नाही. खालचा जबडा फुगलेला, दगडाआड लपलेली, खायला टाकलं की तोंड फिरवते. हा आजार समजून लोक औषधं ओततात. ती आजारी नाही, तिला एकटं सोडा.

'आफ्रिकन' म्हणजे नक्की कुठला?

दुकानातल्या पाटीवर 'आफ्रिकन सिक्लिड' लिहिलेलं असतं, आणि तिथेच गोंधळाला सुरुवात होते. आफ्रिका हा एक प्रदेश नाही. मलावी सरोवराच्या पाण्याचा पीएच साधारण ७.७ ते ८.६ आणि केएच, म्हणजे पीएच घसरू न देणारी कार्बोनेट क्षारता, ६-७ अंश. टांगानिका सरोवराचा पीएच ९ च्या आसपास आणि केएच १७-१८. पश्चिम आफ्रिकेतल्या नद्यांतून येणारा क्रिबेन्सिस मूळचा दक्षिण नायजेरियाच्या बाजूचा, तिथे पाणी बरंच सौम्य. त्याच बाजूचा लालभडक ज्युएल सिक्लिडही बिनदिक्कत 'आफ्रिकन मिक्स'मध्ये मिळतो. रंग बघून लोक हमखास घेतात, आणि ज्युएलची जोडी जमली की बाकी टाकीला पळता भुई थोडी होते. अमेरिकेकडे रिओ नेग्रोचं पाणी पीएच ४-५ पर्यंत आंबट, क्षार जवळजवळ नाहीतच. मध्य अमेरिकेतलं पाणी मात्र बऱ्याच ठिकाणी चुनखडीतून आलेलं, जड. म्हणजे नुसत्या पाण्याचा हिशेब मांडला तर युकातानचा फायरमाउथ ॲमेझॉनच्या एंजलपेक्षा मलावीच्या माशाला जवळचा ठरतो.

हे आकडे माहीत असावेत, पण त्यांना घाबरून जाऊ नका. आपल्याकडे मिळणारे बहुतेक मासे चेन्नईजवळच्या कोळत्तूरच्या किंवा कोलकात्याच्या बाजूच्या हौदांत जन्मलेले असतात. त्या एंजलच्या कित्येक पिढ्यांनी ॲमेझॉन बघितलेली नाही. पीएच ७.६ च्या स्थिर पाण्यात असा एंजल आणि मलावीचा यलो लॅब दोघंही ठणठणीत जगतात. म्हणूनच 'पाणी जुळत नाही म्हणून मरतात' हे उत्तर बहुतेक वेळा फसवं असतं. हौदात बदललं ते पाण्याबद्दलचं सोसणं. भांडण्याची, खाण्याची आणि पिल्लं वाढवायची रीत हौदात बदलत नाही.

भांडणाची रीत

खरा मामला इथे आहे, म्हणून जरा थांबून बघू.

म्बुना म्हणजे मलावी सरोवराच्या खडकाळ काठावर राहणारे मासे. यलो लॅब, रेड झेब्रा, केन्यी, ऑरेटस हे सगळे त्यातले. तिथे ते दाटीवाटीने राहतात. नर एखादी कपार धरून बसतो, माद्या येतात-जातात, जोडी अशी नसतेच. नराचा राग मुख्यतः आपल्या जातीच्या किंवा आपल्यासारख्या दिसणाऱ्या दुसऱ्या नरावर. हरलेला मासा सरोवरात पुढच्या खडकाकडे निघून जातो आणि प्रकरण मिटतं. चार फुटी टाकीत पुढचा खडक नसतो. यावर म्बुना पाळणाऱ्यांनी काढलेला उपाय म्हणजे गर्दी. पुरेसे मासे असले की कोणा एकावर राग काढता येत नाही, तो वाटला जातो. एका नराला तीन किंवा जास्त माद्या, दगडांचा ढीग, जोरदार फिल्टर. हा उपाय म्बुनांसाठी खरोखर चालतो.

आता मध्य अमेरिकेचे बघा. कन्व्हिक्ट, जॅक डेम्प्सी, फायरमाउथ, जॅग्वार. हे जोडीने राहतात. नर-मादी मिळून एक तुकडा ताब्यात घेतात, अंडी घालतात, आणि दोघंही पहारा देतात. कन्व्हिक्टची अंडी साधारण तीन दिवसांत फुटतात, आठवड्याच्या आत-बाहेर पिल्लं पोहायला लागतात, आणि त्यानंतरही कित्येक आठवडे आई-बाप त्यांना राखतात. या काळात चार इंची कन्व्हिक्ट दहा इंची माशाच्या अंगावर जातो. त्याच्या लेखी टाकीतला प्रत्येक मासा पिल्लं खायला आलेला चोर. इथे गर्दी वाढवली तर चोर वाढतात, राग वाटला जात नाही.

म्हणजे एका गटाचं औषध दुसऱ्या गटाला विष ठरतं. मिश्र टाकीवाल्याला दोन बाजूंनी दोन सल्ले मिळतात, "मासे वाढव" आणि "मासे कमी कर". दोन्ही सल्ले बरोबर असतात, पण वेगवेगळ्या माशांसाठी. त्याच्या टाकीत दोन्ही प्रकार असल्यामुळे कुठलाही पाळला तरी कोणीतरी मरतोच.

ऑस्करची गत आणखी निराळी. लोक त्याला टाकीतला दादा समजतात. तो फूटभर वाढतो आणि तोंडात मावेल ते गिळतो हे खरं, पण भांडखोर म्हणावा तसा तो नाही. शिवाय मंद. म्बुना चपळ असतात, एकसारखे टोचत राहतात, आणि ऑस्कर वळेपर्यंत ते दगडाआड गेलेले असतात. सतत कुरतडलेले पर, मग त्यावर बुरशी, मग डोळ्याला इजा. 'मोठा मासा आहे, सांभाळून घेईल' या हिशेबाने ठेवलेला ऑस्करच पुष्कळदा पहिला बळी ठरतो.

फायरमाउथची गोष्ट तर सगळ्यात बोलकी आहे. तो धमकी द्यायला गळ्याची लाल पिशवी फुगवतो आणि कल्ल्यांची झाकणं पसरतो. झाकणांवरचे काळे ठिपके समोरून डोळ्यांसारखे दिसतात, म्हणजे केवढा तरी मोठा मासा अंगावर येतोय असं वाटावं. आपल्या मुलखातल्या माशांसमोर एवढ्यावर भागतं, हातघाईवर सहसा येत नाही. केन्यीसमोर तो हाच देखावा मांडतो, आणि केन्यी सरळ येऊन चावतो. फायरमाउथकडे त्यापुढचा डाव फारसा नाही.

एका मुलखात वाढलेल्या जातींना एकमेकांच्या खुणा कळतात. याचं उदाहरण आपल्या किनाऱ्यावरच आहे. भारतात मूळचे सिक्लिड तीनच. त्यातला एक म्हणजे गोव्याच्या खाजणातलं काळुंदर, केरळात ज्याला करीमीन म्हणतात ते. दुसरा त्याचा छोटा नातलग, नारिंगी क्रोमाइड. निमखाऱ्या पाण्यात हे दोघं शेजारी राहतात. छोटा मासा मोठ्याच्या अंगावरचे परजीवी टिपून खातो, मोठा त्यासाठी स्थिर उभा राहतो. संधी मिळाली की हाच छोटा मासा मोठ्याची अंडी-पिल्लंही पळवतो, आणि तेव्हा मोठा त्याला हाकलतो. सेवा केव्हा आणि चोरी केव्हा, हे दोघांनाही कळतं. मलावी आणि युकातानच्या माशांमध्ये असलं काही सामाईक नाही.

रंगही फसवतो. केन्यीची पिल्लं निळी असतात, म्हणून घेतली जातात. वयात आल्यावर नर पिवळा होतो आणि टाकीतल्या यलो लॅबवर तुटून पडतो, कारण आता दोघांचा रंग एक. ऑरेटसची पिल्लं पिवळी, काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांची, दुकानात सगळ्यात देखणी. त्यांचा नर मोठेपणी काळपट होतो, आणि म्बुनांतल्या सगळ्यात तापट माशांमध्ये त्याची गणना होते. 'आफ्रिकन मिक्स' घेताना हे दोन्ही मासे त्यात जवळजवळ नक्की असतात, आणि दुकानदाराने नावं सांगितलेली नसतात. मला विचाराल तर नाव माहीत नसलेला सिक्लिड विकतच घेऊ नये, मग तो कितीही स्वस्त असो.

एकाच्या पानातलं दुसऱ्याला बाधतं

म्बुना सरोवरात खडकावरचं शेवाळ आणि त्यातले बारीक जीव खरवडून खातात. त्यांचं आतडं लांब, असल्या चाऱ्यासाठी बनलेलं. ऑस्कर आणि जॅग्वार मांसाहारी, त्यांच्या पेलेटमध्ये प्रथिनं जास्त. एका टाकीत दोन प्रकारचं खाद्य टाकून काही साधत नाही, कारण म्बुना सगळ्यात चपळ, तेच आधी ऑस्करचं खाद्य संपवतात. वर कोणी लाडाने ट्युबिफेक्स, ब्लडवर्म किंवा मांसाचे तुकडे दिले की ब्लोटची तयारी पूर्ण होते. त्यात मार खाण्याचा ताण असेल तर आणखी लवकर.

ब्लोटमध्ये वेळ फार थोडा असतो. मासा खाद्य तोंडात घेऊन थुंकतो, ही पहिली खूण. पोट फुगेपर्यंत थांबलात तर बहुधा उशीर झालेला असतो. त्या माशाला वेगळ्या टाकीत घ्या, बाकी टाकीचं खाणं दोन-तीन दिवस बंद करा, पाणी बदला. मेट्रोनिडाझोल यावर वापरतात आणि लवकर दिलं तर उपयोगही होतो, पण मात्रा माशांची माहिती असलेल्या पशुवैद्याला विचारूनच ठरवा. मेडिकलमधून गोळ्या आणून अंदाजाने टाकू नका.

तोडगा म्हणून सगळ्यांना स्पिरुलिनाचं खाद्य दिलं तर म्बुना खूश, ऑस्कर हळूहळू खंगतो. खुद्द मलावीतही हा पेच आहे. पीकॉक मासा रेतीवर तरंगत आतल्या किड्यांची चाहूल घेतो, त्यासाठी त्याच्या जबड्याखाली संवेदनशील खळगे असतात. असा शांत खाणारा म्बुनांच्या झुंबडीत उपाशी राहतो.

पाणी खरंच दोषी असतं तेव्हा

दोन परिस्थिती आपल्याकडे वारंवार दिसतात, आणि दोन्ही पाणी बदलल्यावरच उघड होतात.

पहिली. धरणाचं नळाचं पाणी, जसं मुंबई-पुण्यात येतं, ते बऱ्यापैकी सौम्य असतं, केएच कमी. टाकीत गर्दी असली की फिल्टरमधले जिवाणू अमोनियाचं नायट्रेट करताना हा केएच खात जातात. १ मिलिग्रॅम अमोनिया-नायट्रोजनमागे सुमारे ७ मिलिग्रॅम कॅल्शियम कार्बोनेटइतकी क्षारता खर्च होते. केएच संपला की पीएच घसरतो, ६ च्या आसपास जिवाणूंचं काम मंदावतं, आणि अमोनिया साठायला लागतो. पण आंबट पाण्यात तो जवळजवळ सगळा अमोनियमच्या, म्हणजे कमी घातक रूपात असतो, त्यामुळे मासे कसेबसे तग धरतात. मग रविवारी तुम्ही अर्धी टाकी बदलता. ताज्या पाण्याने पीएच वर जातो, आणि तोच साठलेला अमोनिया विषारी रूपात येतो. २५ अंश सेल्सिअसला पीएच ७ असताना एकूण अमोनियातला साधारण ०.६ टक्के भाग विषारी असतो, पीएच ८ ला ५ टक्क्यांच्या वर, ८.५ ला १५ टक्के. रात्रीतून तीन मासे जातात, आणि मालक म्हणतो, "पाणी बदललं म्हणून मेले, आता बदलणारच नाही." पुढचा स्फोट त्याहून मोठा होतो.

इलाज साधा आहे. पाणी बदलण्याच्या आधी केएच आणि अमोनिया मोजा. पट्ट्यांपेक्षा थेंबांची किट बरी. केएच ३ अंशांखाली गेला असेल तर मोठा बदल करू नका, रोज दहा-पंधरा टक्के करत जा. मलावीच्या टाकीत केएच टिकवायला खाण्याचा सोडा चालतो. १०० लिटरला ३ ग्रॅम टाकले की साधारण १ अंश वाढतो. पण अमोनिया आधी शून्यावर आणा, मगच सोडा, नाहीतर तुम्ही स्वतःच वरचा अपघात घडवून आणाल. फिल्टरमध्ये कोरल चिप्सची पिशवी ठेवली तर हे काम सावकाश आणि सुरक्षित होतं. टाकीत एंजल किंवा रॅम (दक्षिण अमेरिकेचा छोटा सिक्लिड) असतील तर मात्र पीएच वर ढकलायच्या फंदात पडू नका. हीसुद्धा मिश्र टाकीची अडचणच. कोणासाठी सोडा टाकायचा आणि कोणासाठी नाही?

दुसरी परिस्थिती एप्रिल-मेची. नळाला पाणी कमी आलं की सोसायटीच्या टाकीत टँकरचं किंवा बोअरचं पाणी मिसळतात. आपल्या काळ्या पाषाणातून येणारं बोअरचं पाणी अनेक ठिकाणी चांगलंच जड असतं. नळ तोच, पाणी वेगळं. नेहमीच्या सवयीने अर्धी टाकी बदलली की माशांना एका तासात क्षारांचा मोठा धक्का बसतो. उन्हाळ्यात बादलीतलं पाणी दरवेळी तपासा, आणि कुठला टँकर कधी आला हे वॉचमनला विचारा. क्लोरीन कमी-जास्त असतो तो वेगळाच, त्यामुळे अँटी-क्लोरीनचा नेम चुकवू नका.

उकाड्यात आणखी एक भर पडते. पाणी २५ अंशांना लिटरला सुमारे ८.२ मिलिग्रॅम प्राणवायू धरतं, ३० अंशांना ७.५ च्या आसपास. विदर्भात टाकी सहज त्याच्या वर जाते. मासे आधीच धापा टाकत असतात, त्यात पाठलाग. पाण्यावर पंख्याचा झोत सोडा, फिल्टरचं तोंड पृष्ठभाग ढवळेल असं ठेवा, आणि वीज जाते तिथे बॅटरीवरचा एअर पंप हाताशी असू द्या.

मग करायचं काय

आज रात्री: मार खाणारा बाहेर काढा. मोकळी टाकी नसेल तर साठ-सत्तर लिटरचा प्लास्टिकचा टब, त्यात टाकीचंच पाणी आणि चालू फिल्टरमधला एक स्पंज. दादागिरी करणारा एकच असेल तर त्यालाच आठवडा-दोन आठवडे बाहेर ठेवणं जास्त उपयोगी. परत येतो तेव्हा त्याची हद्द दुसऱ्यांनी वाटून घेतलेली असते. तो परतायच्या आधी दगडांची मांडणी पूर्ण मोडून नव्याने करा, म्हणजे सगळेच नवखे होतात. दगड आधी, थेट तळाच्या काचेवर किंवा थर्माकोलवर, आणि रेती नंतर. सिक्लिड खणतात. रेतीवर ठेवलेला दगड एक दिवस घसरतो, खाली मासा तरी सापडतो नाहीतर काच तरी. ढीग असा हवा, की एका टोकाच्या माशाला दुसरं टोक दिसू नये.

कन्व्हिक्टची किंवा ज्युएलची जोडी जमली असेल तर दोघांतला एक काढून टाका. एकटा कन्व्हिक्ट बराच निवळतो. जाळीचा आडपडदा हा तात्पुरता उपाय, त्यावर वर्ष काढू नका.

हे सगळं करून मिळतो तो वेळ, त्यात कायमचं ठरवायचं. टाकी कोणाची? चार फूट बाय दीड बाय दीडची टाकी म्हणजे काठोकाठ सुमारे २५० लिटर. त्यात ऑस्कर, म्बुना आणि कन्व्हिक्ट या तिघांपैकी एकच गट राहील, आणि खरं तर वाढलेल्या ऑस्करला तीही तोकडीच. म्बुना ठेवायचे असतील तर ऑरेटस आणि केन्यी वगळून दोन-तीन जाती, मिळून पंधराएक मासे, माद्या जास्त. पिल्लांत नर-मादी ओळखणं अवघड आहे. गुदपरावरचे पिवळे ठिपके नराचे म्हणतात, पण ते मादीलाही असतात. त्यामुळे जास्त पिल्लं घेऊन नंतर जादा नर काढायची तयारी ठेवा. एकमेकांसारख्या दिसणाऱ्या दोन जाती घेऊ नका, भांडतील आणि संकरही होईल. ती संकरित पिल्लं मग 'आफ्रिकन मिक्स' म्हणून कोणाच्या तरी टाकीत जातात. मध्य अमेरिकन ठेवायचे तर मासे कमी, जागा जास्त, आणि वरच्या थरात मलबार डॅनिओचा थवा. डॅनिओ इतके चपळ की हाती लागत नाहीत, आणि जोडीचा राग त्यांच्यामागे धावण्यात जिरतो.

वेगळ्या प्रदेशांचे मासे एकत्र राहूच शकत नाहीत, असं मात्र मी म्हणणार नाही. दक्षिण अमेरिकेचा एंजल आणि पश्चिम आफ्रिकेचा क्रिबेन्सिस चार फुटी टाकीत चांगले राहतात. एक वरच्या-मधल्या थरात, दुसरा तळाशी गुहेत. पाणी दोघांना सारखंच मानवतं, खाणंही जुळतं. क्रिबेन्सिसने अंडी घातली की तळाचा एक कोपरा बंद होतो, एंजल वर सरकतात, इतकंच. त्याच टाकीत क्रिबेन्सिससोबत रॅम ठेवलात तर जमत नाही, दोघांनाही तळच हवा. म्हणून मासा घेताना नकाशा नंतर बघा. तो पाण्याच्या कुठल्या थरात राहतो, काय खातो, जोडी करतो की नाही, आणि वर्षभराने केवढा होईल, हे चार प्रश्न आधी विचारा. सहा फुटांच्या टाकीत नुसते नर ठेवून याहून धाडसी मिश्रणं चालवणारे लोकही आहेत. त्यांच्याकडे दोन-तीन रिकाम्या टाक्या कायम चालू असतात, हे ते फोटोत दाखवत नाहीत.

जादा झालेल्या माशांचं काय? बरेच दुकानदार बदल्यात खाद्य देऊन परत घेतात, मुंबईत कुर्ल्याच्या बाजारातही अशी देवाणघेवाण होते. पाळणाऱ्यांच्या गटात नाव, आकार आणि स्वभाव खरा सांगून द्या. ऑरेटसला 'शांत आहे' म्हणून खपवू नका. नदीत, तळ्यात किंवा गावच्या विहिरीत मात्र सोडू नका. तिलापियाही सिक्लिडच आहे. १९५२ मध्ये तो भारतात आणला गेला आणि आज कित्येक तलावांत मूळच्या माशांच्या जागा अडवून बसला आहे. तुमचा जॅग्वार तर त्याच्याहून मोठा होतो, आणि मासेच खातो.